८४ वर्षांनंतरची धूळ

सन २०७७, ऑक्टोबरची २३ तारीख. अमेरिका आणि चीन यांच्यात अणुयुद्ध पेटते आणि अवघ्या दोन तासांत संपतेही. कारण पुढे लढायला कोणी उरत नाही. जी थोडी माणसे डोंगराच्या पोटात बांधलेल्या तळघरांत वेळेवर शिरली, तेवढी वाचतात. तळघराचे जाडजूड दार बंद होते. आत मुले जन्मतात, म्हातारी होतात, त्यांची नातवंडे जन्मतात. आकाश कोणी पाहिलेले नाही. मग २१६१ साली, म्हणजे बाँब पडल्यानंतर ८४ वर्षांनी, कॅलिफोर्नियातील १३ क्रमांकाच्या तळघरात पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची एक चिप निकामी होते. साठा फक्त १५० दिवसांचा. तेवढ्या मुदतीत दुसरी चिप शोधून आणण्यासाठी एका तरुणाला दाराबाहेर पाठवले जाते. तो तरुण, किंवा ती तरुणी, म्हणजे तुम्ही.

घाबरू नका, ही एका संगणक-खेळाची सुरुवात आहे. खेळाचे नाव 'फॉलआउट'. अमेरिकेतील इंटरप्ले या कंपनीने तो १९९७ साली बाजारात आणला. त्याआधी १९८८ मध्ये याच कंपनीने अशाच उजाड जगावर 'वेस्टलँड' नावाचा खेळ केला होता. त्याचा हा वारसदार. पुढे 'फॉलआउट'चे अनेक भाग निघाले आणि २०२४ साली त्या जगावर एक मालिकाही आली. त्यामुळे ज्यांनी मूळ खेळ पाहिलेला नाही अशा मुलांच्या तोंडीसुद्धा आता 'रॅड' आणि 'रॅडअवे' हे शब्द ऐकू येतात. हा खेळ प्रौढांसाठी म्हणून विकला जातो, त्यात मारामारी पुष्कळ आहे, आणि तो तुम्ही खेळावा असे मी सुचवत नाही. पण त्यातून किरणोत्सर्गाविषयी ज्या कल्पना वर्गात येऊन पोचल्या आहेत त्यांच्याबद्दल मात्र बोलायला हवे.

प्रथम राक्षस बाजूला काढू. खेळात गाढवाएवढे विंचू आहेत. किरणोत्सर्गाने उत्परिवर्तन होते हे खरे. क्ष-किरणांनी फळमाशीत उत्परिवर्तने घडतात हे हर्मन म्युलर यांनी १९२७ साली दाखवले आणि १९४६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. पण म्युलर यांच्या माश्या बैलाएवढ्या झाल्या नाहीत. उत्परिवर्तन म्हणजे लिहिलेल्या पानावर पडलेला शाईचा डाग. त्याने बहुधा काही होत नाही किंवा मजकूर बिघडतो. नवे प्रकरण लिहून होत नाही. शिवाय विंचवाची लांबी दहापट केली तर वजन हजारपट होते आणि पायांचा छेद मात्र शंभरपटच, ही अडचण गॅलिलिओने १६३८ सालीच मांडून ठेवली आहे. विंचू आपल्याच वजनाने बसकण मारील! खेळ तयार करणाऱ्यांना हे ठाऊक होते. १९५० च्या दशकात अमेरिकन चित्रपटांत अणुचाचणीमुळे मुंग्या हत्तीएवढ्या होत. त्या भाबड्या विज्ञानाची ही मुद्दाम केलेली नक्कल आहे. तुम्हीही विंचू पाहून हसताच. म्हणून मला विंचवांची काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती दोन चुकांची, ज्यांच्यावर कोणी हसत नाही. एक म्हणजे या खेळात धुळीसाठी काळ थांबलेला आहे. आणि दुसरी, या खेळात किरणोत्सर्गाला औषध आहे.

पहिली चूक आधी घेऊ. 'फॉलआउट' या शब्दाचा अर्थ वरून खाली पडणारी अणुधूळ. बाँब जमिनीवर किंवा जमिनीलगत फुटला की हजारो टन माती उचलली जाते, तिच्या कणांवर विखंडनातून निर्माण झालेली द्रव्ये चिकटतात आणि ते कण वाऱ्याबरोबर जाऊन मैलोन् मैल पसरतात. ही धूळ भयंकर असते यात वाद नाही. पण ती कोणत्या वेगाने निवते? यासाठी एक सोपा आडाखा आहे: वेळ सातपट झाली की किरणोत्सर्गाचा जोर दहापट उतरतो. समजा, स्फोटानंतर एका तासाने एखाद्या मैदानात ताशी १००० रॅड मात्रा मिळते आहे. तिथे काही तास उभा राहिलेला माणूस वाचणार नाही. सात तासांनी तेथेच ताशी १०० रॅड उरतात. ४९ तासांनी, म्हणजे दोन दिवसांनी, १०. दोन आठवड्यांनी १. शंभर दिवसांनी एकदशांश. हा आडाखा साधारण सहा महिन्यांपर्यंत चांगला लागू पडतो आणि त्यानंतर उतार आणखी तीव्र होतो.

असे का होते? धुळीत एकच द्रव्य नसते, शेकडो समस्थानिके असतात. कोणाचे अर्धायुष्य काही सेकंदांचे, कोणाचे काही तासांचे. आयोडीन-१३१ चे आठ दिवसांचे. जी घाईने जळतात तीच सुरुवातीचा जाळ करतात, आणि तीच आधी संपतात. दिवाळीतला फटाका आणि चुलीतली गोवरी यांतला फरक तुम्ही पाहिला आहे. फटाका क्षणात सगळे देऊन टाकतो. गोवरी दिवसभर धुमसते, पण तिच्या जवळ बसता येते. 'प्लुटोनियमचे अर्धायुष्य २४ हजार वर्षे, म्हणून जमीन २४ हजार वर्षे मेली' असे विधान वर्गात हमखास ऐकू येते. अर्धायुष्य लांब असणे म्हणजेच दर सेकंदाला फुटणारे अणू थोडे असणे, हे त्या विधानात विसरले जाते. प्लुटोनियम श्वासातून फुप्फुसात गेले तर घातक आहे. पण मैदान तापवणारा गडी तो नव्हे.

८४ वर्षांनी मैदानात मुख्यतः दोन द्रव्ये उरतील: सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९०. दोघांचीही अर्धायुष्ये तीस वर्षांच्या आसपास आहेत. ८४ भागिले ३० म्हणजे २.८ अर्धायुष्ये, वहीत करून पाहा, मूळच्या सीझियमचा सुमारे सातवा हिस्सा शिल्लक राहतो. आपल्या त्या भयंकर मैदानात अशा वेळी वर्षभर राहिले तरी बाहेरून मिळणारी मात्रा एका रॅडच्या आतच राहील. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूच्या पट्ट्यात काही ठिकाणी माणसे पिढ्यान् पिढ्या याहून अधिक मात्रेत राहत आली आहेत. तेथे पिकवलेले धान्य आणि दूध तपासूनच घ्यावे लागेल, कारण स्ट्रॉन्शियम कॅल्शियमची नक्कल करून हाडांत शिरते. पण पाऊल टाकताच गायगर गणक कडकडू लागावा असे काही तेथे असणार नाही.

खेळात 'द ग्लो' नावाची जागा आहे. तेथील संशोधन-संस्थेवर थेट बाँब पडला होता आणि इतक्या वर्षांनीही औषधे घेतल्याशिवाय तेथे जाणे म्हणजे मरण. आता हिरोशिमा आठवा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी तेथे बाँब पडला, तिसऱ्या दिवशी शहराच्या एका भागात ट्राम पुन्हा धावली आणि आज तेथे सुमारे १२ लाख लोक राहतात. येथे एक खुलासा केलाच पाहिजे. हिरोशिमाचा बाँब जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला, म्हणून माती फारशी उचलली गेली नाही आणि स्थानिक धूळ कमी पडली. जमिनीवर फुटलेला बाँब अधिक घाण करतो. 'मग चेर्नोबिलचे काय?' असे तुम्ही विचाराल. विचारायलाच हवे. हिरोशिमाच्या बाँबमध्ये जेमतेम एक किलो युरेनियमचे विखंडन झाले. चेर्नोबिलच्या अणुभट्टीत सुमारे १९० टन इंधन होते, आणि त्यात महिनोन् महिने साठत गेलेली दीर्घायुषी द्रव्ये होती. १९८६ साली त्यांतली बरीच बाहेर पडली. अणुभट्टी ही गोवऱ्यांची रास आहे, बाँब हा फटाका. दोन्ही वाईट, पण एकाचा हिशेब दुसऱ्याला लावता येत नाही. त्या चेर्नोबिलच्या ओसाड पट्ट्यातही आज लांडगे, रानडुकरे आणि रानघोडे हिंडतात, आपापल्या नेहमीच्या आकाराचे.

हा सगळा हिशेब कशासाठी? धूळ कायमची असते असे ज्याच्या मनात बसले, तो म्हणतो, 'बाँब पडला की सगळे संपले, काही करण्यात अर्थ नाही.' वरच्या आडाख्याप्रमाणे पाहिले तर पहिल्या तासानंतर उघड्यावर मिळू शकणाऱ्या आयुष्यभराच्या एकूण मात्रेपैकी निम्म्याहून अधिक मात्रा पहिल्या दोन दिवसांतच मिळते. या धुळीच्या गामा किरणांचा जोर सुमारे ६ सेंटिमीटर काँक्रीट किंवा ९ सेंटिमीटर दाबलेली माती निम्मा करते. मग ९० सेंटिमीटर मातीने काय होईल? दहा वेळा निम्मे, म्हणजे हजारावा हिस्सा. बाँबच्या आघातातून आणि आगीतून जे वाचले आहेत, त्यांच्यासाठी जाड भिंतींच्या आत काढलेले पहिले दोन दिवस, आणि जमले तर दोन आठवडे, हे जगणे आणि मरणे यांतले अंतर ठरू शकते. ८४ वर्षे तळघरात राहण्याची कल्पना चित्तथरारक खरी. पण ती पाहणाऱ्याच्या मनात नेमक्या त्या दोन दिवसांचे महत्त्व उरत नाही.

आता दुसरी चूक. खेळात तुमच्या अंगातील किरणोत्सर्ग एका आकड्याने दाखवतात. आकडा हजाराच्या घरात गेला की मृत्यू. पण वाटेत 'रॅडअवे' हे औषध घेतले की आकडा खाली येतो, आणि तुम्ही पुन्हा चालू लागता. जणू किरणोत्सर्ग हा हौदात साचलेला गाळ आहे आणि तोटी उघडली की वाहून जातो.

गंमत अशी की हजार रॅड हा आकडा बराच बरोबर आहे. सर्व शरीराला एकदम सुमारे ४०० रॅड मिळाले आणि उपचार झाले नाहीत तर निम्मी माणसे दगावतात. हजार रॅडनंतर क्वचितच कोणी वाचते. पण हजार रॅड म्हणजे किती ऊर्जा? १०० रॅड म्हणजे एक ग्रे, आणि एक ग्रे म्हणजे दर किलोमागे एक ज्यूल. तुमचे वजन ५० किलो धरले तर प्राणघातक मात्रा झाली ५०० ज्यूल. ६० अंश तापमानाचा एक लहान चमचा चहा पोटात जाऊन अंगाच्या तापमानाला येईपर्यंत साधारण तेवढीच ऊर्जा देतो! त्याने तुमच्या शरीराचे तापमान अंशाच्या तीन सहस्रांशांइतकेही वाढणार नाही. मग एवढ्याने माणूस मरतो कसा? चहाची ऊर्जा शरीरातील अब्जावधी रेणूंत समान वाटली जाते, कोणाच्याच वाट्याला फार येत नाही. गामा किरणांची ऊर्जा मात्र मोजक्या जागी सुईसारखी उतरते आणि तेथील अणूंतून इलेक्ट्रॉन उडवून पेशींच्या केंद्रकातील डीएनएचे धागे तोडते.

म्हणजे मात्रा ही शरीरात 'भरलेली वस्तू' नाही. ती घडून गेलेली घटना आहे. भिंतीवर घण मारला, तडा गेला. आता त्या घणाला भिंतीतून बाहेर काढणार कसे? फार तर तडा बुजवता येईल. डॉक्टर तेच करतात: रक्त देतात, जंतुसंसर्ग रोखतात, अस्थिमज्जेला सावरायला वेळ मिळवून देतात.

काही औषधे आहेत. त्यांचे काम ओळखून घ्या, म्हणजे गोंधळ होणार नाही. रंगपंचमीला तुम्ही दिवसभर उन्हात असता. उन्हाने कातडी भाजते आणि रंग अंगाला चिकटतो. रंग धुता येतो. भाजणे धुता येत नाही. गामा किरणांत उभे राहणे हे ऊन, आणि किरणोत्सारी धूळ अंगावर किंवा पोटात जाणे हा रंग. कपडे बदलून अंघोळ केली की अंगावरची बरीच धूळ जाते. पोटात गेलेल्या सीझियमवर 'प्रशियन ब्लू' देतात. होय, चित्रकाराच्या पेटीतला तोच निळा. १९८७ साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात भंगारवाल्यांच्या हाती एका जुन्या उपचार-यंत्रातील सीझियम-१३७ पडले. अंधारात निळसर चमकणारी ती पूड लोकांनी कौतुकाने घरोघरी नेली, अंगाला लावली. चार जण मरण पावले. अनेकांना प्रशियन ब्लू देण्यात आला. हे द्रव्य आतड्यात सीझियमला धरून ठेवते आणि विष्ठेवाटे बाहेर नेते. शरीरातील सीझियम निम्मे व्हायला जे सुमारे ११० दिवस लागतात ते यामुळे तीसेक दिवसांवर येतात. महिन्यांवरून दिवसांवर, क्षणांवर नव्हे. आणि तोवर जे धागे तुटले ते तुटलेच. आयोडीनच्या गोळ्यांचे काम तर याहूनही मर्यादित आहे. त्या फक्त कंठस्थ ग्रंथीत किरणोत्सारी आयोडीन शिरू देत नाहीत. बाकी कोणत्याही द्रव्यापुढे त्यांचा उपयोग शून्य.

'सर, खेळ तो खेळ. तो कोण पाठ्यपुस्तक म्हणून वाचतो?' हा प्रश्न मला विचारला जातो, आणि तो अगदीच चुकीचा आहे असे नाही. बुद्धिबळात घोडा अडीच घरे चालतो म्हणून खऱ्या घोड्याविषयी कोणाचा गैरसमज होत नाही. पण खरा घोडा आपण पाहिलेला असतो. किरणोत्सर्ग कोणी पाहिलेला आहे? जे इंद्रियांना कळत नाही त्याचे चित्र माणूस जेथून मिळेल तेथून उचलतो. आणि हे चित्र पुढे कामी येते. किरण लागले की वस्तू कायमची 'भारली' जाते, हा समज घेऊन मोठी झालेली माणसे बाजारात विचारतात, की लासलगावच्या केंद्रात किरण दिलेला कांदा खाल्ला तर चालेल का. कोबाल्ट-६० चे गामा किरण कांद्याचा कोंब मारतात. कांदा त्यामुळे किरणोत्सारी होत नाही, जसे उन्हात वाळवलेले पापड रात्री उजेड देत नाहीत. २००७ साली अमेरिकेला गेलेला आपला आंबा याच केंद्रात किरण घेऊन गेला होता.

कांदा टाकून दिला तर फार बिघडत नाही. पण तीच माणसे कर्करोगाच्या उपचारालाही नाही म्हणतात. रुग्णाच्या गाठीला सहा हजार रॅडच्या आसपास मात्रा देण्याची पद्धत आहे. खेळाच्या हिशेबाने हा सहा वेळा मृत्यू. पण ही मात्रा फक्त गाठीवर रोखलेली असते, दररोज सुमारे दोनशे रॅडच्या हप्त्यांनी सहा आठवडे दिली जाते, आणि दोन हप्त्यांच्या मधल्या वेळात निरोगी पेशी आपले तुटलेले धागे सांधून घेतात. आकडा तोच असला तरी तो कोठे आणि किती वेळात पडला यावर सारे अवलंबून. 'बाईंना किरण देऊ नका, अंगात राहतील' असे सांगणारा नातेवाईक जवळजवळ प्रत्येक कुटुंबात भेटतो. त्याने 'फॉलआउट' पाहिलेला नसेल. पण त्याच्या डोक्यातला तक्ता तोच आहे. पुढच्या पिढीत तो तक्ता रंगीत होऊन येऊ नये, एवढाच माझा हट्ट.

धूळ लवकर निवते म्हणजे अणुयुद्ध सोसण्याजोगे आहे, असा अर्थ कोणी काढू नये. उलट मला तर वाटते की खेळाने भीती चुकीच्या जागी नेऊन ठेवली आहे. १९८३ साली कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की जळत्या शहरांची काजळी उंच वातावरणात जाऊन सूर्यप्रकाश अडवील आणि पृथ्वी गारठेल. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की अमेरिका आणि रशिया यांच्यात पूर्ण अणुयुद्ध झाले तर पाच अब्जांहून अधिक माणसे उपासमारीने मरतील. ती बहुतांशी अशा देशांतली असतील जिथे एकही बाँब पडला नाही. खेळातले कॅलिफोर्निया मात्र लख्ख उन्हात तळपत असते. ती काळी वर्षे तळघराच्या बंद दारामागे निघून गेली, असे समजायचे.

इतके दोष काढल्यावर एका गोष्टीची मनापासून वाखाणणी करतो. खेळाच्या शेवटी 'मास्टर' नावाचा खलनायक भेटतो. सर्व मानवजातीला एका विषाणूच्या द्रवात बुडवून धिप्पाड, किरणोत्सर्गाला दाद न देणारी नवी जात निर्माण करायची, म्हणजे युद्धे थांबतील, असा त्याचा बेत आहे. त्याला शस्त्राने मारता येते. पण आणखी एक वाट आहे. खेळणाऱ्याने आधी नीट शोध घेतला असेल, तर त्याच्याजवळ त्या नव्या जातीच्या शवविच्छेदनाचा अहवाल असतो: ही जात वांझ आहे, तिला संतती होणार नाही. तो पुरावा समोर ठेवला की मास्टर आधी नाकारतो, मग तपासतो आणि अखेर मान्य करतो. आयुष्यभराची योजना एका निरीक्षणापुढे कोसळते, आणि आपण काय करून बसलो ते सहन न होऊन तो स्वतःसकट आपला तळ उडवून देतो. ज्या खेळात प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट बंदुकीइतकीच प्रभावी ठरते, असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही. शिक्षकमित्रांनी किरणोत्सर्गाचा धडा शिकवताना यातले काही वर्गात जरूर आणावे. मुले रॅडअवेविषयी विचारतीलच.

आता तुमच्यासाठी दोन प्रश्न. पहिला सोपा: २०२४ च्या मालिकेची कथा २२९६ साली घडते, तेव्हा २०७७ च्या सीझियमचा कितवा हिस्सा उरला असेल? दुसऱ्यासाठी थोडे डोके खाजवावे लागेल. पाण्याचा रेणू स्वतः या धुळीने किरणोत्सारी होत नाही. दोष असतो तो पाण्यात पडलेल्या कणांचा आणि विरघळलेल्या क्षारांचा. मग पाणी उकळून काय मिळेल? फडक्याने गाळून काय मिळेल? वाफ करून पुन्हा थंड केले तर? आणि चिकणमातीच्या थरातून झिरपू दिले तर? चिकणमाती सीझियमला घट्ट धरून ठेवते, एवढी एक खूण देतो. १३ क्रमांकाच्या तळघरातील मंडळींजवळ डोंगराची माती हवी तेवढी होती.